शोध आणि सन्मान यांच्यामधली वर्षे

नोबेल विजेत्यांच्या यादीत प्रत्येक नावापुढे एकच साल असते. ते सन्मानाचे. शोधाचे साल त्याच्याशेजारी मांडून पाहावे. दोहोंमध्ये कधी दोन वर्षे निघतात, कधी अख्खे आयुष्य. भौतिकशास्त्राची खरी कसोटी या मधल्या काळात लागते.

चंद्रशेखर वेंकट रामन यांना फार थांबावे लागले नाही. फेब्रुवारी १९२८ मध्ये कलकत्त्यात त्यांना व के. एस. कृष्णन यांना द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ किरणात नसलेला रंग सापडला. रेणूंशी ऊर्जेची देवघेव होऊन प्रकाशाचा रंग बदलतो, हे इतरांनाही लगेच पडताळता आले. १९३० साली नोबेल मिळाले.

त्याच वर्षी रामन यांचा एकोणीस वर्षांचा पुतण्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर बोटीने इंग्लंडला निघाला. प्रवासात त्याने श्वेत बटू, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्यांचे गणित मांडले. सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून जड श्वेत बटू स्वतःचा भार पेलू शकत नाही, असे उत्तर पुढे पक्के झाले. जानेवारी १९३५ मध्ये लंडनच्या सभेत ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी या निष्कर्षाची खिल्ली उडवली. तारा असा वागणारच नाही, हे त्यांचे म्हणणे. चंद्रशेखर वाद घालत बसले नाहीत. ग्रंथ लिहून दुसऱ्या विषयाकडे वळले. नोबेल आले १९८३ साली.

काहींच्या वाट्याला तेवढे आयुष्यही येत नाही. वस्तुमानाचे मूळ सांगणारा सिद्धान्त १९६४ साली पीटर हिग्ज यांनी, आणि स्वतंत्रपणे रॉबर्ट ब्राउट व फ्रान्स्वा आंग्लेअर यांनी मांडला. या सिद्धान्तातून अपेक्षित असलेला कण सापडला २०१२ साली, सर्न प्रयोगशाळेत. पुढच्या वर्षी नोबेल हिग्ज आणि आंग्लेअर यांना मिळाले. ब्राउट २०११ मध्येच गेले होते.

सर्वांत लांबची वाट गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाश-काळात उठणाऱ्या तरंगांची. आइन्स्टाइन यांनी १९१६ साली त्या वर्तवल्या. १९३६ मध्ये त्यांच्याच मनात शंका आली. १९६० च्या दशकात जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या अवजड दंडगोलांनी त्या टिपल्याचा दावा केला, तो टिकला नाही. १९७४ मध्ये हल्स आणि टेलर यांना परस्परांभोवती फिरणारी ताऱ्यांची जोडी सापडली. लहरींतून ऊर्जा निघून गेल्यास व्हावी तशी तिची कक्षा आकसत होती, ती आइन्स्टाइनच्या हिशेबाबरहुकूम. हा अप्रत्यक्ष पुरावा ठरला; जोडीच्या शोधाला १९९३ चे नोबेल मिळाले.

प्रत्यक्ष लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी आली. एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती. अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या चार किलोमीटर लांब भुजांमध्ये त्यामुळे प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी सूक्ष्म फरक पडला. २०१७ चे नोबेल लायगोचे शिल्पकार वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांना मिळाले. शोधनिबंधावर मात्र हजाराहून अधिक नावे होती. गोंगाटातून असा क्षीण संकेत वेचण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि सहकाऱ्यांनी कितीतरी वर्षे आधीपासून काम केले होते. लहर येईल की नाही, हे ठाऊक नसताना त्यांनी चाळणी विणून ठेवली.

आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगोची भारतीय वेधशाळा व्हायची आहे. २०२३ मध्ये सरकारने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. मराठवाड्यातली जी मुले आज शाळेत आहेत, त्यांच्यातले कुणी उद्या तिथल्या उपकरणासमोर बसेल. त्यांना आपण पुरस्कारांच्या यादीबरोबर ही मधली वर्षेही सांगितली पाहिजेत.