स्फोट आणि खिडकीचे तावदान

दि. ३१ मे २०१६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, पुलगाव येथील लष्कराच्या दारूगोळा-भांडारास आग लागली, स्फोट झाले आणि आसपासच्या खेड्यांतील लोकांना अंधारातच घरे सोडावी लागली. पुलगाव वर्धा जिल्ह्यात आहे खरे. परंतु नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. तेव्हा स्फोटापासून खिडकी कशी राखावी, हा प्रश्न वऱ्हाडास परका नव्हे.

स्फोट होताच हवेत दाबाची लाट उठते. हवेच्या नित्याच्या दाबात एक शतांश वाढ झाली तरी चौरस मीटरभर तावदानावर एकाएकी सुमारे १०० किलोंचा भार पडतो. भिंत तो सहज सोसते. मोठी काच मात्र तेवढ्यानेही फुटू शकते. दि. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उडाले, तेव्हा १२ किलोमीटरपर्यंतच्या काचा फुटल्या. त्या जहाजात दारूगोळ्याबरोबर कापसाच्या गाठीही होत्या. कापूस किती लवकर पेट घेतो, हे अकोल्याच्या जिनवाल्यांस सांगावयास नको!

लाट प्रकाशाच्या मागून येते. ध्वनीला किलोमीटरभर अंतर तोडावयास सुमारे तीन सेकंद लागतात. दि. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर उल्का फुटली. तेज पाहून पुष्कळ लोक खिडकीशी धावले, आणि मागाहून आलेल्या लाटेने काचा त्यांच्या तोंडावर आदळल्या. लखलखाट दिसताच खिडकीकडे पाठ करून आडवे व्हावे, ते याचसाठी.

दुसऱ्या महायुद्धात लंडनकर काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवीत; त्यांचा उपयोग बेताचाच झाला. सबंध काचेवर डकविलेली कापडी जाळी त्याहून बरी ठरली. आज तिच्या जागी जाड पारदर्शक पापुद्रा मिळतो. मात्र त्याच्या कडा चौकटीस पक्क्या न बसविल्यास फुटलेले तावदान अखंडच आत कोसळते. उन्हासाठी अमरावतीत लावतात तो काळसर पातळ पापुद्रा या कामाचा नव्हे. उत्तम म्हणजे मोटारीच्या पुढील काचेसारखी दुपदरी काच. ती तडकते, पण तिचे तुकडे मधल्या पदरास चिकटून राहतात. अर्थात चौकट भिंतीत खोल रोवलेली हवी.

जुन्या वाड्यांतील लहान खिडक्या आणि सागवानी झडपा या बाबतीत नव्या बंगल्यांहून सरस होत. ज्यांना काच बदलणे परवडत नाही, त्यांनी निदान खाट आणि पाळणा खिडकीखालून हलवावा.