चाखणाऱ्यांची मैत्री

वाइनची बाटली साधारणपणे ७५० मिलिलिटरची असते. दीडशे मिलिलिटरचा एक ग्लास धरला, तर तिचे पाच ग्लास होतात. बूच निघाले की हवेतला ऑक्सिजन कामाला लागतो आणि दोन-तीन दिवसांत वास विरतो, चव उतरते. चांगली बाटली उघडायची तर चार-पाच माणसे सोबतीला हवीत, हे तिच्या मापातच ठरलेले आहे. वाइनचा छंद जगभर मंडळ जमवून जोपासला जातो, त्याचे पहिले कारण हे असे व्यवहारातले आहे. दुसरे कारण अधिक खोल आहे. एकट्याच्या नाकाला आणि जिभेला वाइन पुरती कळत नाही. नाशिकचा गंगापूर रोड हे दोन्ही समजून घ्यायला उत्तम ठिकाण आहे.

रस्ता आणि मळे

अशोक स्तंभापासून निघालेला गंगापूर रोड के.टी.एच.एम. महाविद्यालय, आनंदवली, सोमेश्वर मागे टाकत गोदावरीच्या सोबतीने पश्चिमेला जातो. पुढे गंगापूर आणि गोवर्धन ही गावे लागतात आणि त्यांच्या पलीकडे १९६५ मध्ये पूर्ण झालेले गंगापूर धरण. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीच्या या भागात हिवाळ्यात दिवसा ऊन आणि रात्री चांगलीच थंडी असते. दिवसाच्या उन्हात द्राक्षात साखर भरते आणि रात्रीच्या गारव्यामुळे आंबटपणा टिकून राहतो. वाइनला हे दोन्ही लागते.

नाशिकची ख्याती खाण्याच्या द्राक्षांची. थॉम्पसन सीडलेस, सोनाका, तास-ए-गणेश ही नावे इथल्या बागायतदारांच्या घरात रोजची. वाइनची द्राक्षे वेगळी असतात. मणी लहान, साल जाड आणि आत बिया. अमेरिकेत शिकून आणि नोकरी करून परतलेल्या राजीव सामंत यांनी १९९० च्या दशकात गंगापूर परिसरातल्या आपल्या घरच्या जमिनीवर सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जाती लावल्या. आई सुलभा यांच्या नावावरून वाइनरीचे नाव ‘सुला’ ठेवले. तिच्या पहिल्या बाटल्या २००० मध्ये बाजारात आल्या. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आखले आणि जिल्ह्यात वाइनरी वाढू लागल्या. याच परिसरात पुढे यॉर्क आणि सोमा यांसारख्या वाइनरी उभ्या राहिल्या.

छंदाच्या दृष्टीने महत्त्वाचे पाऊल २००५ मध्ये पडले. सुलाने आपल्या मळ्यात टेस्टिंग रूम उघडली. आपल्याकडे दारूचा संबंध वर्षानुवर्षे आडोशाशी, रात्रीशी आणि घरातल्या भांडणांशी जोडलेला होता, आणि ती भीती खोटी नव्हती. इथे मात्र दिवसाउजेडी, मळ्यासमोर बसून, घोटभर वाइन समजावून देत चाखवली जाऊ लागली. नवरा-बायको, मित्रमैत्रिणी, निवृत्त मंडळी एकाच टेबलाशी बसू लागली. किती प्यायलो यापेक्षा काय चाखले याची चर्चा होऊ शकते, हे अनेकांना तिथे पहिल्यांदा कळले.

चाखण्याची रीत

चाखताना ग्लासात तीसेक मिलिलिटरच वाइन ओततात. ग्लास दांडीला धरतात, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. आधी रंग पाहायचा. मग ग्लास गोल फिरवून वास घ्यायचा, कारण फिरवल्याने सुगंधी द्रव्ये मोकळी होतात. त्यानंतर छोटा घोट तोंडात घोळवायचा. जिभेला गोड, आंबट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकी सगळे ओळखण्याचे काम नाकाचे. बऱ्याच वाइन एका बैठकीत चाखायच्या असतील, तर घोट थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि त्याचा वापर करण्यात कोणी कमीपणा मानत नाही.

क्रमही ठरलेला असतो. फसफसणारी वाइन आधी, मग व्हाइट, रोझे, रेड आणि शेवटी गोड. व्हाइट वाइन ८ ते १२ अंश सेल्सियसला खुलते, रेड १६ ते १८ अंशांना. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा युरोपातला सल्ला तिथल्या थंड घरांसाठी आहे. नाशिकच्या एप्रिलमध्ये तसे केले तर ग्लासातून अल्कोहोलचाच वास पुढे येतो. म्हणून इथले जाणकार रेडची बाटलीही थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडतात.

सोबत का लागते

नाशिक जिल्ह्यात शिराझ ही रेड वाइनची जात मोठ्या प्रमाणावर घेतली जाते. तिच्या वाइनला काळ्या मिरीसारखा वास येऊ शकतो. रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे तो येतो आणि हेच द्रव्य खुद्द मिरीतही असते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवून दिले, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. चाचणीतल्या सुमारे २० टक्के माणसांना रोटंडोनचा वास भरपूर मात्रेतही येत नव्हता. त्यांच्या नाकात दोष नव्हता, घडण वेगळी होती. माणसाच्या नाकात वास ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) असतात आणि ते प्रत्येकात सारखे काम करत नाहीत. पाच जण एका टेबलाशी शिराझ चाखत बसले, तर त्यातल्या एकाला मिरी सापडणार नाही, अशी शक्यता मोठी. इतर चौघांनी सांगितले नाही, तर ती त्या ग्लासात होती हे त्याला कळायचेच नाही.

मतभेद हा या बैठकीचा कच्चा माल आहे. एकाला सोव्हिन्यों ब्लांमध्ये पेरू सापडतो, दुसऱ्याला ढोबळी मिरची. दोघेही बरोबर असतात, कारण त्या जातीत दोन्ही वासांची द्रव्ये असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञ ॲन नोबल यांनी १९८४ मध्ये वाइनच्या वासांचे चक्र प्रसिद्ध केले. चाखणाऱ्यांना एकमेकांशी नेमके बोलता यावे, हा त्यामागचा हेतू होता. मराठी मंडळात हे चक्र आपोआप इथले होते. कैरी, जांभूळ, करवंद, लवंग, पहिल्या पावसातली माती असे वास सांगितले जातात आणि प्रत्येक वासामागे कोणाचे तरी आजोळ, कोणाचे तरी परसदार असते. वासाचे नाव शोधताना माणसे स्वतःबद्दल बोलू लागतात. इतर गप्पांत जे वर्षभर निघत नाही, ते एका ग्लासाच्या निमित्ताने निघते.

सोबतीने चव खरोखर बदलते, याचाही पुरावा आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना चॉकलेट चाखायला दिले. शेजारचा माणूसही त्याच वेळी तेच चाखत आहे हे माहीत असताना चॉकलेट अधिक आवडले, दोघांत एक शब्दही झालेला नसताना. अतिकडू चॉकलेट मात्र सोबतीत जास्तच नकोसे वाटले. सोबत अनुभव गडद करते, चांगला आणि वाईट दोन्ही. पानाचा विडा दुसऱ्याला लावून देण्याची आणि चंची सगळ्यांपुढे फिरवण्याची आपली जुनी रीत याच अनुभवातून आली असावी.

वर्षांचा हिशेब

मैत्रीला वेळ लागतो आणि तो मोजण्याचा प्रयत्न झाला आहे. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार, ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात. जवळच्या मैत्रीला २०० तासांहून अधिक लागतात. महिन्यातून एकदा तीन तास बसणाऱ्या मंडळाचे वर्षाला ३६ तास होतात. म्हणजे केवळ या बैठकांच्या बळावर जवळची मैत्री व्हायला साडेपाच वर्षे हवीत.

या छंदाचा वेगही तोच आहे. नाशिकला द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. पीक मात्र एकदाच मिळते आणि तोडणी मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये चालते. अवकाळी पाऊस, गारपीट, भुरी किंवा डाऊनी या रोगांनी त्या वर्षीची चव ठरते. म्हणून जुनी मंडळे एकच वाइन वेगवेगळ्या वर्षांची घेऊन शेजारीशेजारी चाखतात. असे करायचे तर दर हंगामाची बाटली कोणीतरी जपून ठेवलेली हवी. इथल्या बहुतेक व्हाइट वाइन दोन-तीन वर्षांत प्यायच्या असतात. ओक लाकडाच्या पिंपात मुरलेल्या काही शिराझ आणि कॅबर्ने या रेड वाइन त्याहून जास्त टिकतात. त्यांना १२ ते १४ अंशांचा स्थिर गारवा आणि अंधार लागतो. नाशिकचा उन्हाळा चाळिशीला पोचतो, तेव्हा कपाटात ठेवलेली बाटली बिघडते. ज्याच्याकडे वाइनचा फ्रिज आहे, त्याच्याकडे चार घरांच्या बाटल्या राहतात. दुसऱ्याची आवडती बाटली वर्षानुवर्षे न उघडता सांभाळणे, हा विश्वासाचाच व्यवहार आहे.

मंडळ टिकते कशावर

दीर्घकाळ टिकणाऱ्या मंडळांची रीत बरीचशी सारखी असते. सभासद मोजके, सहा ते आठ. खर्च समान वाटलेला, म्हणजे महाग बाटली आणणाऱ्याचे वजन वाढत नाही. अधूनमधून बाटल्या कागदात गुंडाळून, नाव झाकून चाखतात. तेव्हा स्वस्त वाइन पहिली येते, नामांकित वाइन मागे पडते आणि जाणकारांचा अहंकार वेळीच उतरतो. नव्या माणसाचे मत आधी विचारतात, म्हणजे तो अनुभवी सभासदांच्या मागे ओढला जात नाही.

काही नियम सक्तीचे आहेत. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. त्यामुळे मळ्यावरून शहरात परतताना गाडी न प्यायलेल्याच्याच हाती असली पाहिजे. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला पूर्णपणे सुरक्षित नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. जो मित्र थांबतो म्हणेल, त्याला आग्रह न करणे ही मंडळाची पहिली सभ्यता.

वय वाढते तशी रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे सुरू होतात आणि एखाद्या जुन्या सभासदाला डॉक्टर वाइन पूर्ण बंद करायला सांगतात. त्याची जागा तरीही रिकामी पडत नाही. वाइन ओळखण्याचे बहुतेक काम नाकाने होते आणि वास घ्यायला घोट गिळावा लागत नाही. तो ग्लास फिरवतो, वास घेतो, मत देतो आणि वाद घालतो. इतक्या वर्षांत मंडळाला त्याच्या नाकाची सवय झालेली असते आणि त्याच्या मताशिवाय बाटलीचा निकाल लागत नाही.