पागेतल्या तुकड्या

पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं १८८४ साली. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर ही मंडळी त्यामागे होती. पुढे शाळेला पेशव्यांच्या पागेची जागा मिळाली आणि कागदोपत्रीचं लांबलचक नाव बाजूला पडून ‘हुजूरपागा’ हेच लोकांच्या तोंडी बसलं. अशी शाळा हवी, हे निवेदन गव्हर्नरांसमोर इंग्रजीत वाचून दाखवलं रमाबाई रानड्यांनी. त्याबद्दल घरच्या बायकांकडून त्यांना बोलणी खावी लागली, ती वेगळीच.

शाळा सुरू झाली तरी वाद मिटला नाही. शाळा भरायची अकरा ते पाच. टिळकांच्या ‘मराठा’ पत्राचा राग अभ्यासक्रमावर होता, तसाच या वेळेवरही. मुली दिवसभर शाळेत बसल्या तर घरकाम शिकणार कधी? सकाळी नाहीतर संध्याकाळी तीन तास पुरेत, असं त्या पत्राचं म्हणणं. टीकाकारांना मर्म बरोबर सापडलं होतं, असंच आज म्हणावं लागतं. धडे तीन तासांतही उरकतात. कट्टी, बट्टी, डब्यातली वाटावाटी आणि मधल्या सुट्टीतले डाव यांना मात्र अख्खा दिवस लागतो, आणि वर्ग ‘आपला’ होतो तो या फावल्या वेळात.

अशा सहवासातून काय घडतं, याचं एक ठळक उदाहरण याच शाळेत आहे. ब्रह्मदेशात १९०५ साली जन्मलेली, तिथल्या नदीचं नाव मिळालेली इरावती नावाची मुलगी लहानपणीच इथल्या वसतिगृहात आली. तिथे तिची गट्टी जमली रँग्लर परांजपे यांच्या शकुंतलाशी. शकुंतलेच्या आईने या मुलीला आपल्या घरी नेलं आणि दुसऱ्या लेकीसारखं वाढवलं. त्या घरातल्या पुस्तकांच्या आणि गप्पांच्या वातावरणात वाढलेली मुलगी म्हणजे ‘युगान्त’ लिहिणाऱ्या, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. मैत्रीण शकुंतला केंब्रिजला गणित शिकली, संततिनियमनाच्या प्रचारात उतरली, राज्यसभेतही गेली. शिक्षणाच्या इतिहासात अभ्यासक्रमावर पानंच्या पानं खर्च होतात. शाळासोबतिणीच्या घरी मिळालेल्या खोलीवर कुणी लिहीत नाही.

आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुलींच्या शाळेत शिरलं, तर पहिल्यांदा कानावर पडतात ती आडनावं. ‘ए कुलकर्णी, वही दे!’, ‘शिंदे, बाई बोलावतायत!’ एकाच वर्गात तीन स्नेहल आणि चार अश्विनी असल्या की आडनावावाचून निभत नाही. पण त्या हाकेत एक ऐटही असते. एरवी अशी हाक मुलगे एकमेकांना मारतात.

मुलींच्या शाळेचं खरं वैशिष्ट्य इथेच आहे. ‘हे मुलांचं काम’ म्हणून सोडून द्यायला समोर मुलगेच नसतात. स्नेहसंमेलनासाठी बाकं उचलायची, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात खुर्चीवर चढून सुविचार लिहायचा, मिरवणुकीत ढोल कमरेला बांधायचा, नाटकात शिवाजी व्हायचं आणि अफजलखानही व्हायचं, सगळं मुलींनीच. खानाची दाढी काजळाने रंगवायला आठ जणी जमतात आणि महाराजांच्या दोन वेण्या जिरेटोपात कोंबायला आणखी चार. वेणी नेमकी खान अंगावर येताना बाहेर पडते. त्यावर पुढचं वर्षभर हसू पुरतं.

तुकडीचा अभिमान हे प्रकरण तर गंभीरच. ‘ब’ची मुलगी ‘अ’च्या मुलीला दप्तराएवढीही जागा देणार नाही. खो-खोच्या सामन्यात हे उघड दिसतं. आठ जणी एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववी धावते, आणि पळती करणाऱ्या तिघी-तिघींच्या गटाने आत येतात. एकटीने जिंकण्याची सोयच नाही. खो वेळेवर मिळाला नाही, तर सगळ्यात चपळ मुलगीही नुसती धापा टाकते. रेषेबाहेर उभा असलेला वर्ग तेवढ्या वेळात घसा बसेपर्यंत ओरडून घेतो.

आश्विनात भोंडल्याला चुरस असते ती खिरापतीची. मधोमध पाटावर हत्ती, भोवती फेर, आणि सासरच्या जाचाची गाणी म्हणणाऱ्या तेरा वर्षांच्या मुली. गाण्यांकडे फारसं लक्ष कुणाचंच नसतं. डब्यात काय आहे, गोड की तिखट, हे दुसऱ्या तुकडीला ओळखू द्यायचं नाही, यासाठी आदल्या दिवशी कुजबुजत खलबतं झालेली असतात.

आणि एक गोष्ट फार बोलली जात नाही. जिन्यातून उतरताना एखादी पुटपुटते, ‘मागे बघ गं जरा.’ मैत्रीण बघते, काही न बोलता आपला स्वेटर काढून तिच्या कमरेला बांधते आणि दोघी मागेपुढे चालत वर्गात जातात. एरवी या दोघींचं बोलणं बंद असलं तरी त्या दिवशी ते आड येत नाही.

सगळं गोड आहे असं मात्र नव्हे. गुणांवरून तुकड्या पाडण्याची पद्धत जिथे आहे, तिथे ‘क’च्या मुलीला आपण कोण हे जूनमध्येच कळतं. गटाबाहेर टाकलेली मुलगी डबा एकटीच खाते, तेही बहुतेक वेळा बाईंच्या नजरेआड. रिबीन कुठल्या रंगाची, वेण्या वर बांधल्या की नाहीत, यावर जितकी नजर असते, त्याच्या निम्मी या मुलीवर असायला हवी.

दहावीच्या निरोप समारंभाला साड्या नेसून काढलेला वर्गफोटो पुढे कपाटात जातो. तीस वर्षांनी कुणीतरी व्हॉट्सॲपवर ‘दहावी ब’ असा गट काढते, आणि अडचण येते ती नावांची. लग्नानंतर आडनावं बदललेली, कुणाचं तर नावही. ज्या हाकेवर सगळी मैत्री उभी होती, त्या हाकेने आता फोन नंबर सापडत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे असा फोटो असेल, त्यांनी त्याच्या मागे प्रत्येकीचं तेव्हाचं नाव आणि माहीत असेल तर आताचं, दोन्ही लिहून ठेवावीत. एक प्रत शाळेला द्यावी. शाळेच्या दप्तरात गुण असतात, हजेरी असते; कोण कुणाशेजारी उभी होती, हे फक्त त्या फोटोत असतं.