सशाचे दात पुन्हा पुन्हा का वाढतात? उपचार व चारा व्यवस्थापन

कन्हान परिसरातील अनेक शेतकरी कुटुंबांत मुलांच्या हौसेखातर एक-दोन ससे पाळले जातात. सहा महिने-वर्षभर ससा चांगला राहतो. नंतर तो खाणे कमी करतो व त्याची हनुवटी ओली दिसू लागते. दात वाढले म्हणून ते कापून आणले जातात, पण महिन्या-दीड महिन्यात तीच तक्रार पुन्हा उद्भवते. असे वारंवार का होते, याचे मूळ बहुतेक वेळा सशापुढे टाकलेल्या चाऱ्यात सापडते.

दातांची रचना

सशाला एकूण २८ दात असतात. पुढे वर ४ व खाली २ असे ६ पटाशीचे दात आणि मागे २२ दाढा. हे सर्व दात आयुष्यभर वाढत राहतात. पटाशीचे दात आठवड्याला सुमारे २ मि.मी. वाढतात, तर दाढा महिन्याला सुमारे ३ मि.मी. वाढतात. गवत चघळताना सशाचा जबडा आडवा फिरतो आणि गवतातील चिवट तंतू व वाळूसारख्या सिलिकाच्या कणांमुळे दाढा घासल्या जातात. गहू, तांदूळ, पोळी, बिस्किटे यांना हे घर्षण नसते. दोन-चार वेळा चावले की दाणा फुटतो, ससा तृप्त होतो, दाढा मात्र वाढतच राहतात. त्यांना टोके येऊन जीभ व गाल सोलले जातात.

आजाराची कारणे

१) वाळलेल्या गवताचा अभाव व दाण्याचा अतिरेक.
२) वाढीच्या वयात कॅल्शियम व सूर्यप्रकाश कमी मिळाल्याने जबड्याचे हाड ठिसूळ होणे.
३) जन्मजात वाकडा जबडा. हा दोष आनुवंशिक असून आखूड तोंडाच्या बुटक्या जातींत अधिक आढळतो. अशा सशापासून पैदास घेऊ नये.
४) पिंजऱ्याची जाळी ओढल्याने किंवा पडल्याने दात मोडणे.

लक्षणे

लाळ गळणे, कडक खाद्य तोंडातून पडणे, लेंड्या बारीक व कमी होणे, वजन घटणे, जबड्यावर गाठ येणे ही मुख्य लक्षणे होत. एका डोळ्यातून सतत पाणी येत असल्यास केवळ डोळ्याचे औषध घालत राहू नये. वरच्या दातांची मुळे वाढून अश्रुनलिका दाबली गेल्यानेही असे होते. सशाचे दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवावे. आजार लवकर ओळखण्याचा हा सोपा व बिनखर्चाचा उपाय आहे.

उपचार

घरी नेलकटर किंवा पक्कड वापरून दात कापू नयेत. दात उभा चिरतो, मुळाशी जंतुसंसर्ग होतो व जबड्यात गळू होते. सशाचा पू दह्याच्या गोळ्यासारखा घट्ट असल्याने असे गळू फोडून निचरा होत नाही, ते शस्त्रक्रियेनेच काढावे लागते. पशुवैद्यक फिरत्या चकतीने दात घासून योग्य लांबीचे करतात. दाढांसाठी भूल द्यावी लागते व मुळांची स्थिती क्ष-किरण चित्रावरून कळते. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे भुलेपूर्वी त्याला उपाशी ठेवण्याची गरज नसते. जबडा वाकडा असल्यास पटाशीचे दात साधारण ४ ते ६ आठवड्यांनी घासावे लागतात. अशा वेळी ते दात कायमचे काढून टाकणे हा पर्याय आहे. नंतर ससा ओठांनी बारीक कापलेला चारा चांगला खातो. नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय कन्हानहून जवळ आहे. तेथे सल्ला घ्यावा.

धोक्याची सूचना : गुरांसाठी आणलेले प्रतिजैविक सशाला देऊ नये. अ‍ॅम्पिसिलीन, अ‍ॅमॉक्सिसिलीन, लिंकोमायसीन यांसारखी औषधे तोंडावाटे दिल्यास आतड्यातील उपयुक्त जंतू मरून ससा दगावतो. तसेच सशाने १२ तास काहीच खाल्ले नाही तर आतड्याची हालचाल थांबण्याचा धोका असतो. दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे न्यावे.

चारा व्यवस्थापन

आहाराचा मोठा भाग, म्हणजे सुमारे ८० टक्के, गवताचा असावा. वाळलेले गवत पिंजऱ्यात दिवसरात्र उपलब्ध ठेवावे. आपल्याकडील पवना, मारवेल व हरळी ही गवते त्यासाठी उत्तम. गवत फुलोऱ्यावर असताना कापून सावलीत वाळवावे व कोरड्या जागी ठेवावे. बुरशी आलेले गवत वापरू नये. कुसळी गवत कुसळे धरण्यापूर्वीच कापावे, अन्यथा कुसळे हिरडीत रुततात. धानाच्या तणसात पोषण कमी असते, म्हणून केवळ त्यावर ससा ठेवू नये. लसूणघास वाढत्या पिलांना चालते, प्रौढ सशाला थोडीच द्यावी. गोळी खाद्य वजनाच्या दर किलोमागे २० ते २५ ग्रॅमपेक्षा जास्त नसावे. तणनाशक फवारलेल्या बांधावरचे व कोळसा वाहतुकीच्या रस्त्यालगतचे धुळीने माखलेले गवत टाळावे. चाऱ्यातील बदल ८ ते १० दिवसांत हळूहळू करावा. सकाळचे कोवळे ऊन मिळेल अशी व्यवस्था करावी, मात्र विदर्भाच्या उन्हाळ्यात दुपारी पिंजरा सावलीतच असावा.

लाकडाचा तुकडा कुरतडायला दिला म्हणजे काम भागले, असा समज आहे. त्याने पुढचे दात थोडे झिजतात, दाढांना उपयोग होत नाही. दाढा झिजवते ते गवतच. दात एकदा नीट करून घेतल्यावर त्याच दिवसापासून दाणा कमी व गवत जास्त हा नियम पाळल्यास बऱ्याच सशांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात. मुळे बिघडलेल्या किंवा वाकड्या जबड्याच्या सशाला मात्र नियमित तपासणी आयुष्यभर लागते. म्हणून ससा विकत घेतानाच ओठ उचलून दात पाहावेत. वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे असलेलाच ससा निवडावा.