वाळवंटातले सागवान

गडचिरोलीतल्या एका शिक्षक-शिबिरात आम्हांला प्रश्न आला : "इजिप्तमध्ये जुने सागवान सापडले म्हणतात. ते आमच्या आलापल्लीचे असेल का हो, सर?" प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तराला दोन पायऱ्या आहेत. पहिली आपल्याला वर्गातही चढता येते.

हे लाकूड सापडले ते बेरेनिके येथे. तांबड्या समुद्राच्या इजिप्तकडील किनाऱ्यावरचे हे बंदर दुसरा टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजाने इ.स.पू. तिसऱ्या शतकात वसवले. रोमन अमलात तिथून भारताशी मोठा व्यापार चाले. १९९४ साली तिथे उत्खनन सुरू झाले. देवळाच्या आवारात पुरलेल्या भारतीय बनावटीच्या रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी निघाली. २०२२ मध्ये बुद्धाची संगमरवरी मूर्तीही मिळाली. आणि घरांच्या भिंतींत सागाचे लाकूड! मोडीत काढलेल्या जहाजांचे ते असावे, असे उत्खनकांना वाटते. आजूबाजूला वाळवंट, चांगले लाकूड कोण टाकून देणार?

आपल्या जंगलात पडलेल्या ओंडक्याला पाऊस, बुरशी आणि उधई गाठतात. सागातल्या तेलकट द्रव्यांमुळे तो इतरांपेक्षा जास्त टिकतो, पण दोन हजार वर्षे नव्हे. बुरशीला ओल लागते, आणि वाळवंटात तीच नाही. म्हणून सागाचा पुरावा सागाच्या रानात नाही, जिथे साग उगवतच नाही तिथे शिल्लक राहिला.

तो साग हे ओळखले कसे? सुताराकडून सागाचा एक तुकडा आणा. त्याचे टोक धारदार पात्याने आडवे तासा आणि भिंगातून पाहा. वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला तयार झालेली छिद्रे मोठी, एका रांगेत. नंतरची बारीक, विरळ. शेजारी आंब्याचा तुकडा ठेवा. त्यात अशी रांग दिसणार नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तीन दिशांचे छेद तपासतात. नखाएवढा तुकडाही पुरतो.

नैसर्गिक साग भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओसमध्येच आढळतो. तेव्हा हे लाकूड पूर्वेकडून समुद्रमार्गे आले, हे नक्की. आणि व्यापार पाहता भारतातून आले असणार.

दुसरी पायरी अवघड. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी-मार्गदर्शिकेत पैठण आणि तेरचा माल गाड्यांतून भडोचला येतो असे लिहिले आहे. भडोचहून इराणच्या आखाताकडे लाकूड जाई, असेही त्यात आहे. पण कोणत्या रानातले, ते नाही. मातीतल्या स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे प्रमाण खडकानुसार बदलते आणि ते झाडातही उतरते. त्यावरून रान शोधता यावे! अडचण एवढीच की समुद्राच्या पाण्यातही स्ट्रॉन्शियम असते, आणि जहाजाची फळी त्यात वर्षानुवर्षे भिजलेली असते.

शिबिरातल्या गुरुजींना आम्ही एवढेच सांगू शकलो. ते म्हणाले, "मग अजून 'नाही'ही म्हणता येत नाही ना?" नाही म्हणता येत.