पद्मिनीचा पत्रा

मुंबईहून लासूर स्टेशनला आलेली प्रीमियर पद्मिनी वरून चकाचक दिसते. मी आधी दाराच्या खालच्या कडेवर टिचकी मारतो. बद्द आवाज आला की समजायचं, आत लांबीच भरलीय. दाराच्या तळाला पाणी निचरायची भोकं असतात. ती चिखलानं बुजली, वर मुंबईची खारी हवा, की पत्रा आतून सडतो. गंजावर लांबी थापणं मला मुळीच पटत नाही. पुन्हा फुगे येतातच. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, त्याच जाडीचा तुकडा ठोकून घडवायचा, अंतर सोडून टाके मारायचे. सलग वेल्डिंग केलं तर पत्रा तापून लहरतो. मग रेड ऑक्साइड, आतूनसुद्धा! कुर्ल्यात बनलेली ही गाडी. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही थांबली. नवं दार आणायचं कुठून? म्हणून मूळ पत्रा जमेल तेवढा राखतो.