दुखऱ्या कमरेला करंट

आषाढात पेण तालुक्यावर दोन कामं एकदमच येऊन पडतात. शेतात लावणी आणि कारखान्यात गणपती. हमरापूर, जोहे, तांबडशेतच्या कारखान्यांत मूर्तींच्या रांगा रंगाची वाट पाहत उभ्या असतात आणि बाहेर पावसात बायका कमरेत वाकून, मुठीतली रोपं चिखलात खोवत मागे मागे सरकत असतात. डोळ्यांची आखणी करणारा कारागीर मान पुढे काढून, कोपर गुडघ्याला टेकवून, श्वास रोखून ब्रश चालवतो. एक डोळा झाला की दुसरा, एक मूर्ती झाली की पुढची. तिकडे रोह्यात धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी उभ्यानं काढून आलेला माणूस सकाळी घरच्या शेतात उतरतो. गणपती गावाला जाईपर्यंत आणि भात पोटरीला येईपर्यंत या सगळ्यांची कंबर धरलेली असते, कुणाला उसण भरलेली असते, कुणाची मान अवघडलेली असते.

या दुखण्याकडे आपण फार सहज दुर्लक्ष करतो. ‘कामाचंच दुखणं’ म्हटलं की विषय संपतो. पूर्वी उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय कमरेवरून फिरवून घेत. बिब्बा घालत, तापल्या लोखंडाचा डाग देत, तुंबडी लावत. गृध्रसीवर, म्हणजे कमरेपासून पायात उतरणाऱ्या कळेवर, चरकसंहितेत अग्निकर्म सांगितलेलं आहे. आता त्या जागी मेडिकलमधली डायक्लोफेनॅकची गोळी आली. ती उपाशीपोटी, दिवसाला दोन-तीन, आठवडेच्या आठवडे घेतली जाते. पोटातला व्रण आणि मूत्रपिंडावरचा भार ही तिची किंमत. म्हणूनच गोळीखेरीज वेदना कमी करणाऱ्या कुठल्याही उपायाकडे मी गांभीर्यानं पाहतो, आणि तितक्याच कसून तो तपासावा असंही मला वाटतं.

असा एक उपाय म्हणजे ‘करंट’. फिजिओथेरपीच्या खोलीत पालथं झोपवून कमरेवर जेल लावलेले काळे रबरी पॅड पट्ट्यांनी बांधतात, बटण हळूहळू फिरवतात आणि विचारतात, “मुंग्या आल्या का?” या यंत्राला टेन्स म्हणतात. त्वचेवरून मज्जातंतूंना विजेचे बारीक ठोके द्यायचे, एवढंच त्याचं काम. ठोके सेकंदाला 2 पासून 100-150 पर्यंत ठेवता येतात आणि घरगुती यंत्र साध्या बॅटरीवर चालतं. हेच पॅड दुखऱ्या जागेऐवजी किंवा तिच्या जोडीनं अ‍ॅक्युपंक्चरच्या बिंदूंवर लावायचे, सुई न टोचता, ही त्यातली पुढची पायरी.

यामागचं शास्त्र 1965 साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. वेदना वाहून नेणारे तंतू बारीक असतात. त्यातले सर्वांत बारीक तंतू सेकंदाला दोन मीटरही धावत नाहीत. स्पर्श आणि दाब नेणारे तंतू जाड आणि कितीतरी वेगवान. दोन्ही मज्जारज्जूच्या मागच्या भागात येऊन मिळतात आणि तिथे जाड तंतूंची वर्दळ वाढली की बारीक तंतूंचा निरोप वर जायला अडथळा होतो. कोपर आपटल्यावर पोर रडतं, आई तिथेच चोळते आणि रडणं ओसरतं, ते याच वाटेनं. दोनच वर्षांनी, 1967 मध्ये, वॉल आणि विल्यम स्वीट यांनी माणसांच्या मज्जातंतूंना वीज देऊन वेदना तात्पुरती थांबवून दाखवली. पायाळूचा पाय आणि बिब्ब्याची आग यांचाही थोडा अर्थ इथे लागतो.

अ‍ॅक्युपंक्चरचा धागा मात्र चीनमधून येतो, आणि त्यात महाराष्ट्राचं एक टोक आहे. 1938 साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. कोटणीस 9 डिसेंबर 1942 रोजी तिकडेच वारले. त्यांचे पथकातले सहकारी बिजॉयकुमार बसू 1950च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि ते कोलकात्यात घेऊन आले. या उपचाराविषयीचा देशातला पहिला कायदा 1996 साली पश्चिम बंगालनं केला, महाराष्ट्राचा कायदा 2015चा. केंद्रानं 2003 मध्ये त्याला उपचाराची एक रीत म्हणून परवानगी दिली होती, स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता 2019 मध्ये दिली. आपल्याकडे कोटणिसांचं नाव शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे घरोघरी आहे. त्यांच्या सहकाऱ्यानं आणलेल्या विद्येचा हा प्रवास फारसा कुणाला ठाऊक नाही, याचं वाईट वाटतं.

बिंदूंवर वीज दिली की शरीरात काय होतं, याचा सर्वांत चिकाटीनं शोध घेतला तो बीजिंगच्या हान जिशेंग यांनी. 1960च्या दशकात त्यांनी निरोगी माणसांच्या हातावरच्या, अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यातल्या ‘हेगू’ बिंदूत सुई ठेवून ती फिरवत ठेवली आणि अंगभर ठिकठिकाणी वेदना सोसण्याची मर्यादा मोजली. ती लगेच वाढली नाही. हळूहळू चढत वीस ते चाळीस मिनिटांत शिखराला पोहोचली आणि सुई काढल्यावर साधारण दर 16 मिनिटांना निम्मी होत उतरली. इतक्या संथ चढ-उतारावरून, मेंदूत कुठलंतरी रसायन पाझरत असणार, असं त्यांनी ताडलं. 1975 साली अ‍ॅबरडीनमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना एन्केफॅलिन सापडलं. ते शरीरानं स्वतः तयार केलेलं, अफूच्या जातीचं वेदनाशामक. अफूच्या औषधांचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोन दिलं की अ‍ॅक्युपंक्चरचा परिणामही पुसला जातो, हे टोरांटोच्या ब्रूस पोमेरान्झ यांनी उंदरांवर दाखवलं. पुढे हान यांच्याच प्रयोगशाळेनं दाखवलं की सेकंदाला 2 ठोके दिले की एन्केफॅलिन आणि एन्डॉर्फिन पाझरतात, 100 दिले की डायनॉर्फिन. त्यामुळे यंत्रातला आकडा बदलला की शरीरातलं औषध बदलतं. बटण कुठे ठेवलं आहे, हे रुग्णानं विचारलंच पाहिजे.

मग बिंदूचं काय? हे बिंदू पाहताना शरीररचनेचं पुस्तक शेजारी ठेवावं. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून दोन-तीन बोटं वर असलेल्या ‘नेइग्वान’खाली मीडियन नर्व्ह जाते. गुडघ्याखाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला ‘झुसानली’, तिच्याखाली पेरोनिअल. गुडघ्यामागच्या खोबणीतल्या, कमरेसाठी वापरतात त्या ‘वेइझोंग’खाली टिबिअल. अमेरिकेत डॅलसमध्ये 1990च्या दशकात पोटाच्या शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांवर दोन चाचण्या झाल्या. पहिल्या चाचणीत 101 जणी होत्या. हेगूवर आणि टाक्यांच्या दोन्ही बाजूंना जोरकस करंट दिलेल्यांना अफूजन्य वेदनाशामक 65 टक्के कमी लागलं, हलका करंट दिलेल्यांना 34 टक्के कमी, आणि नुसते पॅड लावून करंट न दिलेल्यांनाही 23 टक्के कमी. दुसऱ्या चाचणीनं याहून मोलाची गोष्ट सांगितली. झुसानलीवर दिलेला करंट आणि टाक्यांशेजारी, त्याच मज्जातंतूंच्या पट्ट्यात दिलेला करंट, दोन्ही सारखेच उपयोगी ठरले. खांद्यावर, कशाशीच संबंध नसलेल्या जागी दिलेला तितका उपयोगी ठरला नाही.

माझं मत यावरूनच बनलं आहे. बिंदूचं चिनी नाव पाठ असणं दुय्यम. खाली कुठली नस आहे, करंट किती जोराचा आहे आणि किती वेळ आहे, यावर सगळं अवलंबून आहे. करंट सोसवेल इतका पण ठळक जाणवणारा हवा आणि अर्धा तास तरी हवा. दहा मिनिटं जेमतेम मुंग्या आणून पॅड काढले तर हान यांच्या आलेखाची चढण निम्मीसुद्धा होत नाही.

विरुद्ध बाजूचा पुरावाही तितकाच खरा आहे. जुनाट कंबरदुखीच्या 145 रुग्णांवर 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत टेन्स आणि खोटं टेन्स यांत फरक दिसला नाही, व्यायाम करणाऱ्यांना मात्र फरक पडला. जर्मनीत 2007 साली 1,162 जणांच्या चाचणीत खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी 47.6 टक्क्यांना आराम पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी 44.2 टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी 27.4 टक्क्यांना. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2016 मध्ये कंबरदुखीसाठी टेन्स आणि अ‍ॅक्युपंक्चर दोन्ही देऊ नयेत असं सांगितलं. उलट 2022 मध्ये 381 चाचण्या एकत्र मांडल्या तेव्हा करंट चालू असताना आणि लगेच नंतर वेदना खोट्या यंत्रापेक्षा कमी होते असं दिसलं.

हे सगळं एकमेकांविरुद्ध वाटतं, पण ‘चालू असताना आणि लगेच नंतर’ या शब्दांवर थांबलं की उलगडतं. करंट सरकलेली गादी जागेवर आणत नाही, झिजलेला मणका भरत नाही. तो काही वेळ वेदना बाजूला ठेवतो. त्या वेळात उठून चाललं, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम केले, तर फायदा. पालथं झोपून राहिलं तर दुखणं तासाभरात परत येतं. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर पसरलेलं जुनाट दुखणं, असलेल्या 301 स्त्रियांच्या 2020 सालच्या अमेरिकी चाचणीत यंत्र पट्ट्यावर बांधून, रोज हालचाल करताना दोन तास वापरायला दिलं होतं. चार आठवड्यांनी त्यांची हालचालीतली वेदना खोटं यंत्र बांधलेल्यांपेक्षा कमी झाली होती. आखणीच्या कारागिरासाठी मला हीच रीत योग्य वाटते. दुपारच्या सुट्टीत पॅड लावावेत, ते लावूनच कारखान्याबाहेर फेरी मारावी, आणि मूर्ती ठेवायचा पाट डोळ्यांच्या उंचीला येईल इतका उंच करून घ्यावा. पाट उंच करायला पैसे पडत नाहीत. लावणीवाल्या बाईला ती सोय नाही. तिला ओळ संपली की उभं राहून कंबर मागे झुकवायला मिनिटभर मिळालं पाहिजे, आणि शेतमालकानं ते द्यायला हवं.

रोज त्याच आकड्यावर करंट घेतला तर शरीर त्याला सरावतं. उंदरांमध्ये हे चार दिवसांत दिसलं आहे, म्हणून ठोक्यांचा वेग आलटूनपालटून ठेवतात. पेसमेकर असलेल्यानं यंत्र हातातच घेऊ नये. गळ्याच्या पुढच्या बाजूला, बधिर किंवा फाटलेल्या त्वचेवर, गरोदरपणात पोटावर किंवा कमरेवर पॅड नकोत. मधुमेहामुळे पावलं बधिर झालेल्या माणसाला करंट कळत नाही आणि बटण वाढवत नेलं तर चामडी भाजते. आरोग्य शिबिरात कुणी आधी तपासणी न करता चटकन पॅड लावू लागला तर उठून यावं.

आणि पाय लुळा पडू लागला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर मणक्यातल्या नसांवर जबर दाब आलेला असतो. तेव्हा करंट, सुई, शेक, चोळणं यांत एक तासही घालवू नये. त्याच दिवशी अलिबाग, पनवेल किंवा मुंबई, जिथे एमआरआय आणि मणक्याचा शल्यचिकित्सक आहे तिथे पोहोचावं, कारण त्या नसांना मोकळं करायला हातात फार थोडे तास असतात.